चौघांचं पॅनल: राजेंद्रनगरच्या आर्केड डब्याचं प्रकरण

प्रकरण इंदूरचं, राजेंद्रनगरमधल्या ताईच्या घरचं. खाली मोठा हॉल, दहा दिवसांचा गणपती, आणि त्या दहा दिवसांत देवास, उज्जैन, महू सगळीकडून येणारी मंडळी, त्यात पोरंच सात-आठ. थोरल्या भाच्याने ठरवलं की गणपतीच्या आधी घरीच एक आर्केड डबा (पूर्वी नाणं घालून उभ्याने खेळायचे तसल्या व्हिडिओ गेमचा) बनवायचा, चार जण एकदम खेळतील असा. कॉम्प्युटर घरात होता (भाऊजींच्या ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप), टीव्ही ३२ इंची पडून होता, सुतार ओळखीचा. राहिलं फक्त कंट्रोल पॅनल, म्हणजे तो जॉयस्टिक आणि बटणांचा पाट, आणि सगळी मारामारी तिथेच झाली. मला बोलावलं कारण मामाला सोल्डरिंग येतं. प्रत्यक्षात सोल्डरिंग जवळपास लागलंच नाही, बोलणंच जास्त झालं.

भाच्याचं पहिलं ड्रॉइंग मी जपून ठेवलंय. चार जॉयस्टिक, प्रत्येकी आठ बटणं, मध्ये ट्रॅकबॉल (तळहाताने फिरवायचा गोळा), त्याच्या वर स्पिनर (गोल फिरवायची मूठ), एका कोपऱ्यात पॅकमॅनसाठी वेगळी जॉयस्टिक. रुंदी ६६ इंच. पोरगा हुशार आहे, इंजिनिअरिंगला आहे, प्रत्येक गोष्टीचं कारण त्याच्याकडे होतं, "मामा, नंतर लागलं तर?" हे मुख्य कारण. ताईने ड्रॉइंगकडे एकदा बघितलं आणि विचारलं, हे दारातून आत कसं येणार? दार ३० इंचाचं. त्यावर दोघं बाप-लेक गप्प.

असं सगळं कोंबलेलं पॅनल या छंदातल्या बऱ्याच लोकांनी कधी ना कधी काढलेलं असतं. उलट्या टोकाने सुरुवात केली की हे होतं. माझं म्हणणं त्याला पहिल्या दिवसापासून एकच होतं: बटणं किती हे शेवटी ठरतं, आधी माणसं कुठे उभी राहणार आणि त्यांना स्क्रीनवर आपण कोण ते कसं कळणार हे ठरव. एकट्यासाठी डबा असता तर काहीही चाललं असतं. चौघांच्या डब्यात कोपरं असतात.

यादी

तर आधी यादी. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खेळांची नावं, पुढे किती जण, किती बटणं, जॉयस्टिक कसली. घरच्या प्रत्येकाला विचारलं की तुला नक्की काय खेळायचंय, "सगळं" हे उत्तर चालणार नाही.

भाऊजींनी सेकंदात सांगितलं, मुस्तफा. कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, पण त्याला त्या नावाने आपल्याकडे कोण ओळखतंय, नव्वदीत ज्यांनी एक-एक रुपया घालून तो खेळला त्यांच्यासाठी तो मुस्तफाच. तीन जण, दोन बटणं, मार आणि उडी. मग टर्टल्स, १९८९, चार जण, दोन बटणं. सिम्पसन्स, १९९१, तसंच. एक्स-मेन १९९२, तीन बटणं, याचा मूळ डबा तर सहा जणांचा पण होता दोन स्क्रीनवाला, चार जणांचा पण निघाला, आपल्याला तो चालतो. एनबीए जॅम १९९३, चार जण, तीन बटणं. गॉन्टलेट १९८५, चार जण, दोन बटणं. दोघांचे म्हणाल तर स्ट्रीट फायटर २ (१९९१), इथे सहा बटणं हवीतच, तीन बुक्क्या तीन लाथा, त्यात तडजोड नाही. किंग ऑफ फायटर्स ९७ ला चार. मेटल स्लगला तीन. बबल बॉबलला दोन, आणि तो ताईचा.

आणि मग भाच्याचा हट्टाचा एक, डंजन्स अँड ड्रॅगन्सचा शॅडो ओव्हर मिस्टारा, १९९६, चार जण आणि चार बटणं: मार, उडी, वस्तू निवडा, वस्तू वापरा. पूर्ण यादीत चौघांच्या खेळांपैकी हाच एक चार बटणं मागतो. बाकी सगळे दोन-तीनात भागतात.

यादी समोर ठेवली आणि आठ बटणांचा विषय आपोआप संपला. सहा बटणं लागतात ती फक्त दोघांच्या मारामारीत, आणि तेव्हा तिसरा-चौथा तिथे नसतोच. म्हणून मधल्या दोघांना सहा-सहा, कडेच्या दोघांना चार-चार. एकूण २०, पहिल्या ड्रॉइंगमध्ये ३२ होती. भाचा म्हणाला पण मामा, चारही सारखे दिसणार नाहीत. नाही दिसणार. नको दिसूदेत.

ट्रॅकबॉल काढला. सेंटीपीड (१९८१) किंवा मिसाईल कमांड (१९८०) ट्रॅकबॉलशिवाय खेळण्यात मजा नाही हे मान्य, पण यादीत ते फक्त भाच्याने लिहिले होते, तेही "नॉलेजसाठी". तीन इंची बॉल मधोमध बसवला की मधले दोघं एकमेकांपासून लांब ढकलले जातात आणि कडेचे दोघं पार स्क्रीनच्या बाहेर. वर बॉलच्या पुढे-मागे तळहात फिरायला मोकळी जागा लागते, तिथे बटण ठेवता येत नाही. स्पिनरचं पण तेच, आर्कानॉइड या एका खेळासाठी एवढी जागा कोण देणार. दोन्ही नंतर वेगळ्या छोट्या खोक्यात यूएसबीवर करायचं ठरलं.

पॅकमॅनची जॉयस्टिक मात्र राहिली, आणि ती राहण्याचं कारण भाच्याची आत्या, देवासची. ती गणपतीला येते आणि तिला दुसरं काही खेळायचंच नसतं. पॅकमॅन (१९८०) आणि डाँकी काँग (१९८१) चार दिशांच्या जॉयस्टिकचे खेळ. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर वळणावर हात थोडा तिरका गेला की दोन स्विच एकदम दबतात, एम्युलेटर (जुने आर्केडचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) आपल्या परीने त्यातली एक दिशा निवडतो, पण हाताला ते कळतं, पॅकमॅन कोपऱ्यावर वळता वळता राहतो आणि भूत मागे असतंच. सॅनवा कंपनीच्या जेएलएफसारख्या जॉयस्टिकची खालची प्लेट फिरवून चार दिशांची करता येते, पण दर वेळी पॅनल उघडून कोण प्लेट फिरवत बसणार, तेही आरतीनंतरच्या गर्दीत. म्हणून मधल्या दोघांच्या मधे, वरच्या बाजूला, एक वेगळी चार दिशांची. तिच्या तारा पहिल्या खेळाडूच्या जॉयस्टिकच्याच टर्मिनलवर समांतर जोडल्या, म्हणजे स्विच कॉम्प्युटरला जोडणाऱ्या बोर्डवर एकही जागा जास्त गेली नाही. दोन्ही बाजूला एकेक उडीचं बटण, ते पण पहिल्या खेळाडूच्या पहिल्या बटणाला समांतर. आत्या डावखुरी आहे.

फ्रिजचा खोका

आता खरा भाग. शेजाऱ्यांकडे नवीन फ्रिज आला होता, त्याचा खोका मागून आणला. पुठ्ठा टेबलावर आडवा, टेबलाखाली विटा घालून उंची वाढवली, आणि पाण्याच्या बाटल्यांची झाकणं दुतर्फी टेपने चिकटवली. झाकणाचा बाहेरचा व्यास साधारण ३० मिलिमीटर, आर्केडचं मोठं बटण पण ३० चंच, हा योगायोग मला फार आवडतो. जॉयस्टिकच्या जागी एक खरी जॉयस्टिक फिरवत बसवायचो, बाकीच्यांना पेनं खोचलेली.

चार जणांना उभं केलं. दोन मोठे, दोन पोरं. मोठ्या माणसाचे खांदे ४५ सेंटिमीटर धरले तर चौघांचे १८० होतात, सहा फूट, म्हणजे कागदावर हे जमायलाच नको. पण माणूस खेळताना सरळ उभा राहतच नाही, एक खांदा पुढे काढतो, कडेचे दोघं आतल्या बाजूला तिरके होतात, पोरं घुसतात. खांदे अडत नव्हते. अडत होतं दुसरंच. डावीकडच्याचा उजवा हात बटणांवर, उजवीकडच्याचा डावा हात जॉयस्टिकवर, आणि या दोन हातांची कोपरं एकाच ठिकाणी येत होती. म्हणजे महत्त्वाचं अंतर होतं एकाच्या शेवटच्या बटणापासून शेजाऱ्याच्या जॉयस्टिकपर्यंतचं. झाकणं सरकवत सरकवत बघितलं, १० सेंटिमीटरला भाऊजी आणि भाचा अक्षरशः भांडत होते, २० ला कडेचा माणूस टीव्हीच्या बाहेर जात होता, १६ वर सगळे शांत झाले. १६ ठेवलं.

मग बाकीचं गणित बसत गेलं. बटणांच्या केंद्रांत ३.६ सेंटिमीटर, जॉयस्टिकच्या केंद्रापासून पहिल्या बटणापर्यंत ७. कडेच्या गटाला दोन रांगा दोन उभ्या, म्हणजे जॉयस्टिकपासून शेवटच्या बटणापर्यंत १०.६, मधल्याला १४.२. चारही गट आणि मधली तीन अंतरं मिळून ९७.६. दोन्ही कडांना तळहात टेकायला बारा-बारा. झालं १२२ सेंटिमीटर, बरोबर ४८ इंच. सहासष्टचे अठ्ठेचाळीस झाले आणि कोणाचं काही गेलं नाही.

पुठ्ठ्यावर आणखी एक गोष्ट पकडली गेली जी ड्रॉइंगमध्ये फार छान दिसत होती. भाच्याने कडेचे दोन पंख आत वळवलेले काढले होते, आणि त्यांच्याबरोबर जॉयस्टिक पण तेवढीच फिरवलेली, म्हणजे माणूस तिरका उभा तर जॉयस्टिक पण तिरकी, लॉजिकल वाटतं. खरी जॉयस्टिक तशी धरून खेळायला दिली तर धाकटी भाची (वय अकरा) वर ढकलते आणि टर्टल कोपऱ्याकडे चालतो. डोळे स्क्रीन बघतात ना, पॅनल नाही. "वर" म्हणजे स्क्रीनकडे सरळ, माणूस कसाही उभा असो. तेव्हा पाट हवा तर अर्धगोल करा, पंख करा, पण चारही जॉयस्टिकची बॉडी स्क्रीनच्या कडेला समांतर. बटणांचा गट थोडा फिरवला तर चालतो, मनगटाला बरंच वाटतं, तो आम्ही कडेच्या दोघांसाठी किंचित फिरवला.

उंचीवर फार वेळ गेला नाही, ३७ इंच. लहान पोरांसाठी सहा इंच उंच, लांबलचक लाकडी पायरी, डब्याच्या तळाला स्क्रूने बसवलेली. सुटं स्टूल नको, मुस्तफात गाडी आली की पोरं डब्यालाच ढकलतात.

कडेच्या दोघांबद्दल एक टीप, टीव्हीची. ३२ इंची टीव्ही साधारण २८ इंच रुंद, पण जुने खेळ ४:३ चे, म्हणजे चित्र जेमतेम २१ इंच, आणि पाट ४८ इंच. कडेचा माणूस चित्राच्या बराच बाहेर उभा असतो. पडून असलेला टीव्ही तिरक्या कोनातून फिका पडायचा, तो आजोबांच्या खोलीत गेला आणि त्यांचा आयपीएस पडद्याचा, कडेनेही नीट दिसणारा, इथे आला. आजोबांना बातम्याच बघायच्या असतात, त्यांनी काही म्हटलं नाही. गेम मोड तेवढा चालू करायचा, नाहीतर बटण दाबल्यावर बुक्की आरामात निघते.

कोण किती नंबरचा

हा मुद्दा कोणी आधी सांगत नाही. दोघांचा खेळ असला की दोघांनी मधे, स्क्रीनसमोर उभं राहायला पाहिजे. म्हणजे मधले दोघं खेळाडू १ आणि २, कडेचे ३ आणि ४. डावीकडून वाचलं तर ३, १, २, ४. बहुतेक लोक असंच करतात आणि आमचं पण तसंच ठरत होतं.

पण टर्टल्स सुरू करा. स्क्रीनच्या वर चौघांचे स्कोअर आणि ताकद डावीकडून १, २, ३, ४ अशा क्रमाने. पाटावर मात्र सगळ्यात डावीकडे उभा असलेला ३ नंबर. तो बिचारा डावीकडचा पट्टा बघत बसतो, तो दुसऱ्याचाच असतो, आपण मेलो की नाही हेच कळत नाही. भाचा म्हणाला सवय होईल. त्याला होईल, तो रोज खेळणार. गणपतीत वर्षातून एकदा येणाऱ्या महूच्या काकांना सवय होण्याआधी त्यांची बस असते.

उपाय सोपा निघाला पण तो आधी सुचायला पाहिजे, कारण रंग त्यावर ठरतात. पाटावरच्या जागांना नंबर द्यायचेच नाहीत, रंग द्यायचे. डावीकडून लाल, निळा, पिवळा, हिरवा. (गॉन्टलेटचे चार रंग हेच आहेत, योद्धा लाल, वॉल्करी निळी, जादूगार पिवळा, एल्फ हिरवा, त्यामुळे तिथे तर काही सांगावंच लागत नाही.) मग मेममध्ये (हाच आमचा एम्युलेटर) प्रत्येक खेळाचं कंट्रोल सेटिंग वेगळं सेव्ह होतं त्याचा फायदा घ्यायचा: दोघांच्या खेळात निळा म्हणजे १ आणि पिवळा म्हणजे २, हे सगळ्यांसाठीचं डिफॉल्ट. चौघांच्या मोजक्या खेळांत टॅब दाबून त्या खेळापुरतं बदलायचं, लाल १, निळा २, पिवळा ३, हिरवा ४, स्टार्ट आणि कॉइन (नाणं टाकल्याचं बटण) सकट. मुस्तफात लाल-निळा-पिवळा, हिरवा मोकळा, तिथे बशीत पोहे ठेवतात. यादी छोटी आहे म्हणून हे हाताने करता आलं. हजार खेळ भरणारे हे कधीच करणार नाहीत, आणि मग चौथा माणूस कायम गोंधळलेला राहील.

याच सेटिंगमध्ये किंग ऑफ फायटर्सची चार बटणं पण नीट लावली. ए हलकी बुक्की, बी हलकी लाथ, सी जोराची बुक्की, डी जोराची लाथ, म्हणून सहापैकी डावीकडच्या चारांत वर ए आणि सी, खाली बी आणि डी. वर हात खाली पाय, स्ट्रीट फायटरसारखंच. डिफॉल्टवर सोडलं असतं तर वर तीन आणि खाली एक असं आलं असतं.

(मेम एम्युलेटर स्वतः फुकट आणि ओपन सोर्स आहे, १९९७ पासून चालू आहे. खेळांचे हक्क मात्र ज्या त्या कंपन्यांचे, तो हिशोब ज्याने त्याने बघावा.)

बोर्ड आणि तारा

स्विच मोजले. चार जॉयस्टिक गुणिले चार दिशा १६, खेळाची बटणं २०, स्टार्ट ४, कॉइन ४, एक बाहेर पडायचं, एक पॉजचं. ४६. हे ४६ स्विच कॉम्प्युटरला कसे सांगायचे, त्यावर तीन रस्ते समोर होते.

पहिला, भाऊजींचा: घरात जुना कीबोर्ड आहे, त्याचं सर्किट काढ. एकट्यासाठी लोक करतात. चौघांसाठी नाही. साध्या कीबोर्डच्या आत जाळी असते, काही तीन की एकदम दाबल्या की चौथी आपोआप दाबल्यासारखी दिसते किंवा एखादी गायब होते. वर साधा यूएसबी कीबोर्ड एका वेळी सहा की सांगतो, शिफ्ट-कंट्रोलसारख्या सोडून. आता टर्टल्समध्ये एक माणूस तिरका चालतोय म्हणजे दोन स्विच आणि मारतोय म्हणजे तिसरा. तीन गुणिले चार, बारा. सहात बसत नाही, ज्याचं बटण उशिरा दाबलं गेलं त्याचा टर्टल उभा राहून मार खातो.

दुसरा, भाच्याचा: प्रत्येकाला एक स्वस्तातला झिरो डिले यूएसबी बोर्ड, चार बोर्ड, हब, झालं. हे चालतं, खूप जण करतात. अडचण एकच पण आमच्या बाबतीत मोठी, चारही बोर्ड कॉम्प्युटरला हुबेहूब एकच नाव सांगतात. कॉम्प्युटर बंद-चालू केला, हबमधली पिन हलली, की कोण पहिला कोण चौथा हे बदलू शकतं. रंगांची एवढी मेहनत करून काल निळा असलेला आज हिरवा झाला तर सगळंच पाण्यात. पोर्टप्रमाणे नावं बांधून घेता येतात, लिनक्सवर तर सरळ जमतं, पण दहा दिवस तो डबा ताई चालू करणार, मी नाही.

तिसरा, एकच मोठा एन्कोडर (सगळे स्विच कॉम्प्युटरला कळवणारा बोर्ड), अल्टीमार्कचा आय-पॅक ४, तो ५६ इनपुट घेतो आणि कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून दिसतो पण सहा कीची अडचण त्याला नाही. परदेशातून मागवायचा, महाग. भाऊजींनी हिशोब करून सांगितलं की चार बोर्ड, हब आणि तुझ्या मामाचा दर वर्षीचा वेळ यापेक्षा हेच स्वस्त. मागवला. प्रत्येक तार ज्या टर्मिनलला तिथेच, नंबर कधी बदलणार नाही.

बोर्ड कुठे ठेवायचा हा छोटा प्रश्न वाटतो, पण ताईच्या दाराचं उत्तर तिथेच होतं. पाट डब्यापासून सुटा करायचा होता, नाहीतर ३० इंचातून जात नाही. बोर्ड डब्यात ठेवला असता तर पाट काढताना ४६ तारा सोडवा. बोर्ड पाटाच्याच खाली स्क्रू केला, बाहेर फक्त एक यूएसबी केबल. दोन खिट्ट्या आणि एक केबल काढली की पाट वेगळा, उभा करून जिन्याखाली.

तारांचं थोडक्यात. प्रत्येक स्विचला दोन पाय, एक बोर्डला, दुसरा ग्राउंड, आणि ग्राउंडची तार एका स्विचवरून दुसऱ्यावर अशी ओळीने फिरते. ओळीत एक थिंबल (स्विचच्या पायावर तार अडकवायची धातूची टोपी) ढिली झाली की तिच्या पुढचे सगळे मरतात, म्हणून ओळीचं शेवटचं टोक पण परत बोर्डवर आणायचं, मग कुठे एका जागी तुटलं तरी दुसऱ्या बाजूने ग्राउंड मिळतो. थिंबल विकत घेताना स्विच खिशात घेऊन जा. जेल रोडला ४.८ मिलिमीटरच्या पाकिटावर पाकिटं मिळतात, पण सॅनवाच्या बटणांच्या पट्ट्या २.८ च्या, त्यावर ४.८ ची घातली तर बसल्यासारखी वाटते आणि नाचून नाचून निघते. आमच्याकडे बटणं एका जातीची आणि जॉयस्टिक दुसऱ्या, त्यामुळे दोन्ही साइज लागल्या.

सुतार

सुतारदादा म्हणाले एमडीएफ कशाला, पावसाळ्यात फुगेल, आणि गणपती पावसाळ्यातच. १८ मिलिमीटर प्लाय, वर प्रिंट केलेलं विनाइल, त्यावर ३ मिलिमीटर अॅक्रिलिक. त्या जाडीमुळे बटणांची जात ठरली: क्लिपने टक्कन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, २१ मिलिमीटरमध्ये त्यांच्या क्लिप कुठेच अडकत नाहीत. लांब आटे आणि खालून नट येणारी घ्यायची. जॉयस्टिकसाठी खालून राउटरने (लाकूड कोरायच्या मशीनने) खाच, नाहीतर दांडी वर एवढीशी येते की पकडायला बोटंच पुरत नाहीत. पुढची कड गोल, चौघांची मनगटं तिथे टेकतात.

भोकं पाडण्याआधी पुठ्ठ्याचाच कागद प्लायवर चिकटवून त्यावरून पाडली. अॅक्रिलिक वेगळं, प्लायच्या तुकड्यांत दाबून, हळू.

कॉइनची बटणं वरच्या पाटावर ठेवायची की नाही यावर भाऊजींचं म्हणणं बरोबर निघालं. चारही कॉइन त्यांनी समोरच्या उभ्या पट्टीवर घेतली, ज्याच्या त्याच्या पोटासमोर, "पैसे वरून टाकतात का कधी?" त्यामुळे वर फक्त खेळाची बटणं आणि स्टार्ट. बाहेर पडायचं बटण पाटाच्या खालच्या बाजूला, डावीकडे, हात घालून शोधावं लागतं. वर ठेवलं असतं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी हरता हरता दाबलं असतं आणि चौघांचा खेळ गेला असता.

दहा दिवस

चालला. तक्रारी आल्या त्या वेगळ्याच.

किंग ऑफ फायटर्स ऐन रंगात असताना स्क्रीनवर मधेच एक पांढरी खिडकी, टुंग आवाज, खेळ मागे. दोन-तीनदा झालं, सगळ्यांनी बोर्डवर संशय घेतला. कारण साधं: मेममध्ये पहिल्या खेळाडूचं चौथं बटण म्हणजे डावी शिफ्ट, आणि विंडोजमध्ये शिफ्ट ओळीने पाच वेळा दाबली की स्टिकी कीजचं विचारणं येतं. आमच्या मांडणीत ते बी, म्हणजे हलकी लाथ, भाची तेवढंच दाबते. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद केला. तसंच पहिलं बटण म्हणजे कंट्रोल आणि बाहेर पडायचं म्हणजे एस्केप, दोन्ही एकदम दाबली गेली की स्टार्ट मेन्यू उघडतो. बाहेर पडायची की बदलून दुसरी दिली. कीबोर्डछाप एन्कोडर घेणाऱ्यांनी हे दोन्ही पहिल्याच दिवशी करून टाकावं.

दुसरं, हिरव्या जागेवर उभं राहायला पोरं नाखूष. स्क्रीन तिरकी दिसते हे कारण सांगतात पण मला वाटतं तिथे पंखा लागत नाही. पाट सरकवून काही होणार नाही, पंखा सरकवला.

आत्या तिच्या मधल्या जॉयस्टिकवर खूष, फक्त ती खेळत असताना निळ्या जागेवर कोणी नुसता हात ठेवला तरी तिचा पॅकमॅन वळतो, समांतर जोडणीचा हा तोटा आहेच. एक छोटा स्लाइड स्विच लावून निळ्या जॉयस्टिकचा ग्राउंड तोडता येईल, तारांची ओळ तेवढ्यासाठी थोडी बदलावी लागेल. सध्या आत्या ओरडते, तेवढं पुरतं. अनंत चतुर्दशीच्या रात्री डबा बंदच होता, सगळे झांक्या (चित्ररथ) बघायला.

आता भाच्याने परत कागद काढलाय. बोर्डवर दहा इनपुट शिल्लक आहेत हे त्याला माहीत आहे आणि लाल-हिरव्याला अजून दोन-दोन बटणं देऊ म्हणतोय. मी विचारलं कुठल्या खेळासाठी, नाव सांग. अजून सांगितलेलं नाही. ट्रॅकबॉलच्या वेगळ्या खोक्याचं मात्र माप घेतलंय, तो दिवाळीत करू.